पिंपातली चिंच

११ मे

प्रिय मिरे,

पाकिटावरचा पत्ता तुझ्या वहिनीने लिहिलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू उघडलंच नसतंस. आता उघडलंच आहेस तर वाच, मग खुशाल फाड. फोन करून पाहिला. पाच वेळा केला आणि पाचही वेळा माझं "हॅलो" ऐकून तू ठेवून दिलास. सहाव्यांदा नंबर लावायला लागलो तेव्हा वहिनीने फोन हातातून काढून घेतला. "अहो, किती छळाल तिला? लिहा की दोन ओळी!" म्हणून लिहितोय.

कामाचंच सांगतो. गावाबाहेरची जुनी वीटभट्टी आठवते ना, जिथे तू माझ्या डोक्यात अर्धी वीट घातली होतीस? भट्टी बंद पडून जमाना झाला. ती सगळी पडीक जमीन आता स्मृतिवनासाठी दिली आहे. आपल्या गावातून फौजेत गेलेले आणि परत न आलेले, प्रत्येकाच्या नावाने एकेक झाड. यादी झाली. एकसष्ट नावं निघाली. मला वाटलं होतं वीस-पंचवीस असतील. त्यातल्या नऊ जणांची नावं मी जन्मात कधी ऐकली नव्हती, इतकी जुनी.

शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर, खारूला गणित शिकवायचे तेच, समितीचे अध्यक्ष आहेत. लागवडीचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं, कारण गावात नर्सरी आहे ती आपलीच. मीही नाही म्हणालो नाही.

नियम एकच आहे. झाड घरच्या माणसाच्या हातानेच लागायचं. आई, बायको, भाऊ, मूल, जे कुणी असेल त्याने. रविवार, वीस जुलै, सकाळी आठ. ज्यांचं कुणीच उरलेलं नाही त्यांची झाडं शाळेतली मुलं लावतील. आणि घरचं माणूस असून दहापर्यंत आलं नाही, तर ते झाड अध्यक्षांच्या हातून लागेल.

तुझ्या खारूचा खड्डा अडतीस नंबरचा. मी मुद्दाम उताराच्या पायथ्याला धरलाय, तिथे ओल टिकते. वशिला म्हण हवं तर.

तू यायला हवंस, मिरे. दोन तासांची तर बस आहे.

तुझा राग मला माहीत आहे. साडेसतरा वर्षांच्या पोराच्या अर्जावर मी पालक म्हणून सही केली, तू नको नको म्हणत असताना केली. दाजी असते तर त्यांनी काय केलं असतं, देव जाणे. ते नव्हते, आणि तो अर्ज घेऊन माझ्यासमोर उभा होता. पण त्यानंतर वर्षभरात तू बोलायला लागली होतीस. तो पहिल्यांदा वर्दीत आला तेव्हा फोटोसाठी त्याची टोपी तूच सरळ केली होतीस. मग नऊ वर्षांपूर्वी तिरंग्यातली ती पेटी आली, आणि चौथ्या दिवशी तू दारात उभी राहून म्हणालीस, "माझ्या दारात पुन्हा येऊ नकोस." मी समजलो, सहीचं ते जुनं दुखणं पुन्हा वर आलं.

शेवटच्या रजेत तर माझी आणि त्याची धड भेटही झाली नाही. रजा संपली, तो गेला, एवढंच मला कळलं. तेव्हा सहीसाठी काय बोलायचं ते बोल, पण ये.

वहिनीचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तुझा दादा


२९ मे

मिरे,

उत्तर नाही, पण पत्रही परत आलं नाही. पोस्टमनला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "काका, परत येईल तेव्हा मी स्वतः नर्सरीत आणून देईन, पण तुम्ही रोज रस्त्यात उभे राहू नका." आता दुरूनच बघतो.

खड्डे चालू आहेत. ती जमीन म्हणजे कसली जमीन! वर बोटभर माती, खाली भाजलेल्या विटांचा नुसता चुरा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल, प्रत्येक खड्ड्यातून दोन गाड्या तुकडे निघतात. मग शेणखत, पालापाचोळा, नदीकाठची माती. हेडमास्तर रोज सकाळी टोपी घालून येतात आणि दोरी धरून बघतात. त्यांना झाडं संचलनासारखी ओळीत हवी होती. मी म्हटलं, "मास्तर, हे वन आहे, कवायत नाही." ते म्हणाले, "ती पोरं आयुष्यभर रांगेत उभी राहिली, त्यांना रांग मानवेल." मी म्हटलं, "म्हणूनच आता जरा मोकळी उभी राहू द्या." यावर दोन दिवस अबोला. शेवटी ठरलं असं, फाटकाजवळ सरळ ओळी, आणि आत जाऊ तशा ओळी मोडत जायच्या. अंतर असं ठेवलंय की वीस वर्षांनी एकाच्या फांद्या दुसऱ्याच्या फांद्यांना लागतील. ते बघायला मी नसेन.

आता मुद्द्याचं. तुला ती चिंच आठवते?

खारू सात वर्षांचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही दोघं इथे होता. चिंच खाऊन उरलेला चिंचोका त्याने दुधाच्या रिकाम्या डब्यात खुपसला आणि रोज सकाळी उकरून बघायचा, उगवला का. मी ओरडायचो. तरी तो उगवला, हेच नवल. "मामा, मी मोठा झालो की घर बांधणार, तेव्हा दारात लावायची. तोवर तू सांभाळ." मी म्हटलं, सांभाळतो.

तर मी सांभाळली. डब्यातून पिशवीत, पिशवीतून कुंडीत, कुंडीतून मोठ्या कुंडीत. तो फौजेत गेला तेव्हा ती अर्ध्या कापलेल्या पिंपात गेली. दर रजेत तो आला की आधी तिच्यापाशी जायचा. "मामा, अजून बुटकीच?" म्हणायचा. मग तो गेला, आणि मला ती कुठे लावायची तेच सुचेना. नऊ वर्षं पाणी घालत राहिलो. जागा बदलायचो, सावलीतून उन्हात, उन्हातून सावलीत.

गिऱ्हाईक आलं की पहिलं काय सांगतो मी? "रोप पिशवीत ठेवू नका हो, मुळं वळायच्या आत जमिनीत लावा." बाबांपासून हेच सांगत आलोय, आपल्या दोघांची जीभ झिजली यात. आणि माझ्याच नर्सरीत, माझ्याच डोळ्यांदेखत, सव्वीस वर्षांची चिंच छातीएवढी राहिली. परवा पिंप आडवं करून खाली पाहिलं. मुळं पत्र्याला लागून गोल गोल फिरली आहेत. मनगटाएवढं एक मूळ स्वतःच्याच खोडाला आवळून बसलंय. चाळीस वर्षांच्या धंद्यात असली चूक मी दुसऱ्या कुणाची पाहिली असती तर त्याला फाटकाबाहेर काढला असता.

ही चिंच अडतिसाव्या खड्ड्यात जायला हवी. पण तशीच लावली तर पाच वर्षांत स्वतःचाच गळा आवळून मरेल. आवळलेली मुळं छाटायला हवीत, आणि एक जरी चुकीचं मूळ तुटलं तर तिथेच संपली. बाबा म्हणायचे ते आठवतं? "मिरीचा हात मुळांवर चालतो, दादाचा जिभेवर." माझा हात आता तसाही कापतो. वहिनी म्हणते वय झालं. वयच झालं असेल.

तू ये आणि छाट. तुझी वाकडी कात्री मी अजून तेल लावून ठेवतो.

तुझा दादा


२१ जून

मिरे,

गावात काय काय चाललंय ते सांगतो, म्हणजे तुला वाटायला नको की मी नुसता तुझ्यामागे लागलोय. लागलोच आहे, पण असो.

न्हावीदादा रोज येऊन आपल्या मुलाच्या खड्ड्याशी बसतो. सतरा नंबर. काल त्याने विचारलं, "रोप किती खोल लावायचं?" मी म्हटलं, "पिशवीतली माती जिथवर आहे, तिथवरच. जास्त पुरायचं नाही." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. माझ्या हातून जास्तच पुरलं गेलं असतं."  उठून नळाची तोटी तपासत बसलो, ती काही बिघडलेली नव्हती.

शिवणकाम करणारी ती उंच बाई, जिचा नवरा लग्नानंतर दोन महिन्यांत गेला, ती म्हणाली, "मला दुसऱ्या नवऱ्याला विचारावं लागेल." दुसऱ्या दिवशी दोघं मिळून आली. त्यानेच विचारलं, "मीही फावडं धरलं तर चालेल का?" हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चालेल म्हणजे काय, धराच."

चिंचेवरून मात्र त्यांच्याशी माझी जुंपली. त्यांचं म्हणणं, सगळी रोपं एका वयाची, एका उंचीची. मधेच ही वाकडी म्हातारी चिंच कशाला? मी त्यांना पिंपापाशी नेलं आणि सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "ठीक आहे. पण आई येणार का? पत्राला उत्तर आलं?"

मी म्हटलं, "नाही आलं."

"मग तुम्ही लावा. मामा म्हणजे घरचंच माणूस. त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलंत, सही तुमची, झाड तुमचं. तुमच्याइतका हक्क कुणाचा? मी यादीत तुमचं नाव घालतो."

मी म्हटलं, "नको."

"का नको?"

 हात कापतो म्हणालो. ते म्हणाले, "हात सगळ्यांचेच कापणार आहेत त्या दिवशी." तरी मी नकोच म्हणत राहिलो. शेवटी ते चिडून म्हणाले, "मग मी लावीन, दहा वाजता. नियम तो नियम." आणि गेले.

रात्रीच्या जेवणाला वहिनीने हेच विचारलं. मी तिच्यावरही खेकसलो. तिने ताट बाजूला सरकवलं आणि म्हणाली, "नऊ वर्षं गप्प बसले. तुम्ही तिला पत्रांवर पत्रं लिहिताय, पण जे लिहायचं ते सोडून सगळं लिहिताय. खरं लिहा, नाहीतर पोस्टमनला तरी सुखाने जगू द्या."

तिला माहीत आहे. त्या दिवशी ती घरात होती. नर्सरीकडची खिडकी उघडी होती.

आज इतकंच. जास्त लिहवत नाही.

दादा


२ जुलै

मिरे,

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, शेवटच्या रजेत माझी त्याची भेट झाली नाही. ते खोटं आहे. पेटी आली त्या दिवशी तुला तेच सांगितलं होतं, तेही खोटं. भेट झाली होती.

रजेचा शेवटचा दिवस. सकाळी तुझ्याकडून निघाला, पुढची बस इथून धरायची होती. ती न धरता तो नर्सरीत आला. दहाचा सुमार असेल. मी गुलाबाच्या काड्या लावत होतो. पाठीवरची बॅग खाली ठेवून तो एका पालथ्या कुंडीवर बसला. बराच वेळ काडीने मातीत रेघा ओढत राहिला. मला वाटलं, भूक लागली असेल. मग म्हणाला, "मामा, मला परत जायचं नाही."

मी हसलो. होय, हसलो. म्हटलं, "रजा संपली की सगळ्यांनाच असं वाटतं."

तो म्हणाला, "तसं नाही. मला झोप लागत नाही. डोळे मिटले की पुन्हा तेच दिसतं. चार दिवस इथे राहू दे. मी सगळी रोपं हलवतो, पिशव्या भरतो, काहीही करतो. आईला सांगू नकोस, ती घाबरेल. चार दिवसांनी काय ते ठरवतो."

चार दिवस मागितले त्याने, मिरे. फक्त चार दिवस.

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो. म्हणालो, "लोक पळपुटा म्हणतील. सही माझी आहे. मला गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही." नर्सरीच्या दारावर त्याचा वर्दीतला फोटो लावला होता मी, आठवतो? येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचो, हा माझा भाचा. बोलताना माझ्या डोळ्यांसमोर तो फोटो होता. समोर कुंडीवर बसलेला पोरगा नव्हता.

त्याने वाद घालायला हवा होता. लहानपणी किती घालायचा! पण त्या दिवशी नुसतं "बरं," म्हणाला. उठला, चिंचेला लोटाभर पाणी घातलं. मी टेम्पो काढला. स्टँडवर मी स्वतः तिकीट काढलं, त्याला खिडकीत बसवलं, आणि बस हलेपर्यंत तिथेच उभा राहिलो. लोकांना वाटलं असेल, मामाची केवढी माया. मी उभा होतो तो उतरून परत येऊ नये म्हणून. बस वळली तेव्हा त्याने खिडकीतून हात हलवला. मीही हलवला.

बाराव्या दिवशी चौकीजवळच्या रस्त्यावर त्यांची गाडी सुरुंगावर गेली.

चार दिवस ठेवून घेतला असता तर ती गाडी त्याची नसती. नऊ वर्षं मी हेच मोजतोय. कधी वाटतं, तरीही दुसरी कुठली गाडी असती. मग स्वतःचीच लाज वाटते, असं वाटून घेण्याची.

म्हणून ते झाड मी लावू शकत नाही. आणि हे न सांगता तुझ्या हातून लावून घेतलं असतं, तर त्याच्यासमोर तुला पुन्हा एकदा फसवलं असतं. मला भीती होती की हे वाचलंस तर तू येणार नाहीस. अजूनही आहे. पण ये. माझ्यासाठी नको. मी त्या दिवशी फाटकाबाहेर थांबेन, हवं तर. चिंच पिंपातच राहिली तर यंदा मरेल, आणि हेडमास्तरांना मुळांतलं काही कळत नाही.

माफी मागत नाही. कुठल्या तोंडाने मागू?

दादा


२१ जुलै

मिरे,

तू बसमध्ये बसून घरी पोचलीही असशील. मी अजून कालच्याच दिवसात आहे.

साडेनऊपर्यंत तू दिसली नाहीस तेव्हा मी ठरल्याप्रमाणे फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो. आत नावं वाचणं चाललं होतं. हेडमास्तर एकेक नाव घ्यायचे, थांबायचे, त्या घरचं माणूस रोप खाली ठेवायचं, मगच पुढचं नाव. एकसष्ट नावं अशी वाचायला दोन तास लागतात. कुणी कंटाळलं नाही. न्हावीदादाने बरोबर मातीच्या खुणेपर्यंत लावलं, बोटाने दोनदा मोजून. त्या जुन्या नऊ नावांना शाळेतली मुलं होती. एका चिमुरडीने रोपाला विचारलं म्हणे, "तुम्ही किती उंच होता?"

सदतिसावं नाव झालं आणि तू रस्त्याच्या वळणावर दिसलीस. केस पांढरे झालेत गं तुझे. माझ्या शेजारून गेलीस, पाहिलं नाहीस. फक्त हात पुढे केलास. मी कात्री दिली.

मी फाटकातूनच पाहत होतो. रडत होतो. चौघांनी पिंप आडवं करून चिंच बाहेर काढली तेव्हा मुळांचा तो गोळा पाहायला लोक पुढे सरकले. तू मात्र पदर खोचून मातीत बसलीस, जशी बाबांच्या वेळी बसायचीस. आधी पाण्याने माती सोडवलीस. मग एकेक मूळ बोटाने चाचपून, कुठून आलं, कुठे गेलं ते पाहून, मगच कात्री. हेडमास्तर अडतिसावं नाव घेऊन थांबले ते थांबलेच. पाऊण तास कुणी हललं नाही. खोडाला आवळलेलं ते जाड मूळ तू शेवटी घेतलंस, तीन ठिकाणी तोडून हळूच सोडवलंस. त्याखाली खोडावर वळ उठलाय, तो मी नंतर पाहिला.

माती ओढून झाल्यावर तू दोन्ही तळहात तिथे दाबून ठेवलेस, किती तरी वेळ. मग उठलीस, छाटलेली मुळं पिशवीत भरलीस आणि निघालीस. मुळं कशाला नेलीस, मला कळलं नाही. कात्री माझ्या हातात परत दिलीस, तीही न बघता.

बोलली नाहीस. बोलावंस असं मी म्हणत नाही. आलीस, हेच माझ्या लायकीपेक्षा जास्त आहे. वहिनीने तुझ्यासाठी डबा भरून ठेवला होता, तो तसाच राहिला. ती म्हणाली, "येईल पुन्हा." 

दादा


८ ऑगस्ट

मिरे,

लिहू नये असं ठरवलं होतं, पण लिहावंच लागतंय. चिंचेची सगळी पानं गळली. एकही राहिलं नाही. बाकीची साठ झाडं तरारली आहेत, न्हावीदादाच्या झाडाला तर दोन नवे फुटवे आले, आणि अडतीस नंबरला नुसत्या काड्या. हेडमास्तर म्हणाले, महिनाभर वाट पाहू, नाहीतर नवं रोप लावू. मी रोज जातो. पाणी जास्त होतंय की कमी, तेच समजेनासं झालंय. चाळीस वर्षं या धंद्यात काढली आणि एका झाडापुढे मती गुंग झाली.

मीच तिला इतकी वर्षं अडकवून ठेवली. मेली तर तुझ्या कात्रीचा दोष नाही, एवढं लक्षात ठेव.

दादा


१४ ऑगस्ट

दादा,

पानं गळणारच. एवढी मुळं काढल्यावर झाड पानं कशावर पोसणार? चाळीस वर्षांच्या धंद्याच्या गप्पा मारतोस आणि खोडाची साल नखाने खरवडून बघायचं सुचलं नाही? मी बघितलं. परवा दुपारच्या बसने आले होते, तू जेवायला गेला होतास. आत हिरवं आहे, ओलं आहे. पाणी निम्मं कर. रोज रोज जाऊन तिला बुडवू नकोस.

आता दुसरं. हे एकदाच लिहिणार आहे, मधेच थांबले तर पुन्हा व्हायचं नाही.

तो तुझ्याकडे आला होता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. त्या दिवशी बस जेवायला थांबली तेव्हा त्याने मला फोन केला. सगळं सांगितलं. झोप लागत नाही ते, चार दिवस मागितले ते, तू बसवून दिलंस ते. दारात तुला येऊ नकोस म्हणाले ते सहीसाठी नव्हतं, दादा. पेटीसमोर उभा राहून तू म्हणालास, भेट झाली नाही, म्हणून म्हणाले. वाटलं, हा खरं बोलेपर्यंत याचं तोंड बघायचं नाही. मे महिन्यात तुझं पत्र आलं, त्यातही पुन्हा तेच. मी तुला शिवी घातली. कुठली ते भेटल्यावर सांगेन.

पण त्या फोनवर तो पुढे काय म्हणाला, ते तुला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तो म्हणाला, "आई, मी इथे उतरू का? परत येऊ का घरी?"

आणि मी म्हणाले, "मामा म्हणतोय ते बरोबर आहे. जा बाळा. सवय होईल."

"बरं," म्हणाला. तुला म्हणाला तसंच.

तू निदान बस हलेपर्यंत उभा तरी होतास. माझं दूध उतू चाललं होतं, मी फोन ठेवला.

नंतर मला कुणीतरी बोट दाखवायला हवं होतं. तू हाताशी होतास, आणि खोटंही बोलला होतास. मग माझं मला बघावंच लागलं नाही. नऊ वर्षं नीट निभावलं. तुझं दोन जुलैचं पत्र आलं तेव्हा ते सगळं कोसळलं. तू लिहिलंस, कुठल्या तोंडाने माफी मागू. मी ते वाचलं, समोरच्या आरशात स्वतःचंच तोंड बघवेना, तशी उठले. म्हणून त्या दिवशी तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळ्या गावासमोर बोलून बसले असते, आणि तो दिवस त्याचा होता.

मुळं मी नेली कारण ती तिथे कचऱ्यात पडलेली बघवली नसती. इथे वाळली आहेत. वाळूनही पिंपासारखी गोलच राहिली आहेत. ती बरोबर आणते, आळ्यात खालीच पुरून टाकू, खत होईल.

रविवारी सकाळच्या बसने येतेय. वहिनीला सांग, डबा नको, मी जेवायलाच आहे. आणि तुझ्याशी भांडायचंय मला, पहिल्यापासून, सहीपासून. ते उभ्या उभ्या होणार नाही. चिंचेजवळ दोन कुंड्या पालथ्या घालून ठेव.

मिरी